बांधण्याकडून जोडण्याकडे

पायाच्या धमनीवरचा फुगा फुटला की शल्यविशारदापुढे प्रश्न असे, जीव वाचवायचा की पाय? उत्तर बहुधा ठरलेलं. पूर्वी मांडीतून पाय कापत. डिसेंबर १७८५ मध्ये लंडनला जॉन हंटरने एका गाडीवानाच्या गुडघ्याच्या लवणीतला फुगा तसाच ठेवला आणि वर मांडीत धमनी बांधून टाकली. आजूबाजूच्या बारीक धमन्यांनी पाय जगवला आणि गाडीवान पुन्हा कामाला लागला. मुंबईत भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये उघडलं तेव्हाही जगभर हाच रस्ता होता: बांधा, आणि बारीक धमन्यांवर भरवसा ठेवा.

जोडण्याचं शास्त्र उशिरा आलं. १९४८ मध्ये पॅरिसला शल्यविशारद कुन्लिन यांनी रुग्णाच्याच पायाची नीला उलटी लावून बंद धमनीला वळसा दिला. उलटी अशासाठी, की नीलेतल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात. लवणीतल्या फुग्यावरचा आजचा मुख्य उपाय यातूनच निघाला.

मुंबईतच परळच्या केईएम रुग्णालयात (स्थापना १९२६) रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचं काम डॉ. प्र. कु. सेन यांनी उभं केलं. त्यांचं नाव निघालं की सगळ्यांना १६ फेब्रुवारी १९६८ चं हृदयरोपण आठवतं. तो रुग्ण काही तासच जगला. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. महाधमनी आणि तिच्या शाखा सुजून कुठे अरुंद होतात, कुठे फुगतात, असा एक आजार आपल्याकडच्या तरुण मुलींत जास्त दिसतो. सेन आणि त्यांचे सहकारी किणारे, केळकर, परुळकर यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास करून त्यावर १९७३ मध्ये ग्रंथ काढला. रोपणाच्या बातमीपुढे तो झाकोळला.

आता लवणीतल्या फुग्यासाठी जांघेतून तार सरकवून आतून अस्तर लावलेली नळीही बसवतात. हा फुगा फुटतो मात्र क्वचित. बहुतेकदा त्यात गुठळी धरते आणि पाय काळा पडतो. निम्म्याजणांच्या दुसऱ्या पायातही फुगा असतो, कधी पोटातल्या महाधमनीतही, म्हणून दोन्ही पाय आणि पोट सोनोग्राफीने तपासतात. फुगा दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की सहसा शस्त्रक्रिया सुचवतात.

गुडघ्यामागे धडधडणारी गाठ लागली तर दाखवून घ्या. पाय अचानक गार, पांढरा पडून ठणकू लागला तर चोळू नका, शेकू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. रक्तपुरवठा तुटलेल्या पायाला साधारण सहा तास मिळतात.