नकाशावरचं लंडी खाना

१९६५ च्या भारत-पाक युद्धात शत्रूच्या माऱ्यात भारतीय हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर यांच्या विमानाला फटका बसला आणि त्यांचा उजवा खांदा जायबंदी झाला. विमान सोडून उडी मार, असं तुकडीच्या नेत्यानं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही; जखमी खांद्यानं विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं.

१९७१ मध्ये मात्र उडी मारावीच लागली. १० डिसेंबरला त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. युद्ध आठवड्याभरात संपलं, कैद संपेना. २ जुलै १९७२ च्या सिमला करारातही कैद्यांचा प्रश्न लोंबकळतच राहिला. भारताकडे पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार लोक कैदेत होते, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

रावळपिंडीच्या छावणीत परुळकरांच्या डोक्यात सुटकेचाच विषय होता. कोठडीच्या भिंतीतल्या विटांभोवतीचा गिलावा चोरून कोरायचा, दिवसा सगळं झाकून ठेवायचं. जी-सूट म्हणजे वैमानिकाच्या पोटापायांना आवळणारा पोशाख. त्यातल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी ठेवल्या. जे पळणार नव्हते त्यांनीही हातभार लावला, हे या हकिकतीत नेहमी मागे पडतं. १३ ऑगस्टच्या पहाटेआधी परुळकर आणि त्यांचे सहकैदी मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी बाहेर पडले आणि बसनं पेशावरला पोचले. पुढे खैबर.

लंडी कोटलपासून अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर. इथं त्यांनी लंडी खानाची वाट विचारली आणि घात झाला. खैबर रेल्वे १९२६ मध्ये लंडी खानापर्यंत गेली होती, पण तो फाटा डिसेंबर १९३२ मध्येच बंद पडला. नकाशावर स्टेशन होतं, गाडी चाळीस वर्षं नव्हती. ताडोबाच्या जंगलातून उठवलेल्या बोटेझरी गावाचा रस्ता जुना नकाशा दाखवून कुणी मोहर्लीत विचारावा, तसंच ते. तिथल्या माणसाला संशय यायचाच.

खरी हुशारी मला यानंतरची वाटते. पकडल्यावर त्यांनी घेतलेलं पाकिस्तानी हवाई दलाचे जवान असल्याचं सोंग फार टिकणार नव्हतं, आणि त्या टोळीवाल्यांच्या मुलखात हेर ठरले असते तर जिवावरच बेतलं असतं. परुळकरांनी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावण्याचा आग्रह धरला. हमीद आधी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीनं वागलेले. शत्रूपक्षातला कोणता माणूस शब्दाला जागेल, हे परुळकरांनी बरोबर हेरलं होतं. जीव वाचला.

तिघांची रवानगी लायलपूरच्या तुरुंगात झाली, आणि १ डिसेंबर १९७२ ला भारतीय युद्धकैदी वाघामार्गे परतले. सरहद्द न गाठलेल्या त्या पलायनाची दखल घेत सरकारनं परुळकरांना विशिष्ट सेवा पदक दिलं. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या परुळकरांचं ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झालं.