वांशिकता आणि वांशिक अल्पसंख्याक : बेने इस्रायल समाजाच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : वांशिकता, वंश, अल्पसंख्याक, समूहसीमा, बेने इस्रायल.

प्रस्तावना :

मानवी समाज हा अनेक लहानमोठ्या समूहांचा बनलेला असतो. धर्म, भाषा, जात, प्रदेश यांप्रमाणेच वांशिकता हाही समूहभेदाचा एक महत्त्वाचा आधार मानला जातो. मात्र मराठीतून समाजशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात या संकल्पनेविषयी बराच गोंधळ आढळतो. त्याचे एक कारण भाषिक आहे. शरीरलक्षणांवर आधारलेल्या 'रेस'साठी आपण 'वंश' हा शब्द वापरतो आणि 'एथ्निसिटी'साठीही त्याच शब्दापासून साधलेला 'वांशिकता' हा शब्द वापरतो. परिणामी वांशिकता म्हणजे रक्तातून येणारी, जन्मतःच निश्चित झालेली गोष्ट होय, असा समज दृढ होतो. प्रस्तुत लेखात वांशिकता व वांशिक अल्पसंख्याक या संकल्पनांचा अर्थ स्पष्ट करून, कोकणातील बेने इस्रायल या मराठी भाषिक ज्यू समाजाच्या आधारे हा समज तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

वांशिकतेचा अर्थ :

'एथ्निसिटी' या शब्दाचे मूळ 'एथ्नोस' या ग्रीक शब्दात आहे. त्याचा अर्थ लोक अथवा लोकसमूह असा होतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी वांशिक समूहाची व्याख्या करताना समान वंशोत्पत्तीवरील 'श्रद्धा' हा घटक महत्त्वाचा मानला. प्रत्यक्ष रक्तसंबंध आहे की नाही हा प्रश्न त्यांनी दुय्यम ठरविला. आपण एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहोत, असे समूहातील लोक मानतात आणि त्यानुसार परस्परांशी वागतात, हे त्यांच्या दृष्टीने पुरेसे होते.

नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात हा विचार पुढे नेला. समूहाची भाषा, वेशभूषा, चालीरीती काळानुसार बदलतात. तरीही समूह टिकून राहतो. याचा अर्थ समूहाचे अस्तित्व त्याच्या सांस्कृतिक आशयापेक्षा 'आपण' आणि 'ते' यांमधील सीमारेषेवर अधिक अवलंबून असते, असे बार्थ यांचे प्रतिपादन आहे. ही सीमारेषा समूह स्वतः आखतो, तशीच ती इतरांकडूनही आखली जाते.

वांशिक अल्पसंख्याक म्हणजे काय ?

अल्पसंख्याक हा शब्द उच्चारताच प्रथम संख्या डोळ्यांसमोर येते. परंतु केवळ संख्येने या संकल्पनेचा उलगडा होत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी १९४५ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, शारीरिक अथवा सांस्कृतिक वैशिष्ट्यांमुळे ज्यांना वेगळे काढून असमान वागणूक दिली जाते आणि ज्यांना आपण सामूहिक भेदभावाचे बळी आहोत याची जाणीव असते, असा समूह म्हणजे अल्पसंख्याक होय. वर्णभेदाच्या काळातील दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय लोक संख्येने बहुसंख्य होते, तरी सत्ता आणि अधिकार यांपासून ते वंचित होते. म्हणून अल्पसंख्याकत्व हे मूलतः सत्तासंबंधाचे नाव आहे, असे म्हणता येईल.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ मध्ये राष्ट्रीय अथवा वांशिक, धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीचे घोषणापत्र स्वीकारले. भारतीय संविधानात मात्र अल्पसंख्याकत्वाचा विचार मुख्यतः धर्म आणि भाषा या आधारांवर केलेला आहे. कलम २९ संस्कृती, भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क देते, तर कलम ३० धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा हक्क देते.

कोकणातील बेने इस्रायल :

बेने इस्रायल म्हणजे 'इस्रायलची संतती'. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटल्यामुळे आले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच त्यातून वाचले. ही कथा ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध झालेली नाही. परंतु वेबर यांनी सांगितलेल्या समान उत्पत्तीवरील श्रद्धेचे हे ठळक उदाहरण होय.

कोकणातील गावगाड्यात हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करीत असे. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी होती. दिवेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. स्त्रिया साडी नेसत व मंगळसूत्र घालीत. वेगळेपण राहिले ते शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यातील काही निर्बंध आणि 'शेमा' ही प्रार्थना यांपुरते. एवढ्या थोड्या खुणांवर समूहाची सीमा शतकानुशतके टिकली, ही बाब बार्थ यांच्या सिद्धांताला पुष्टी देणारी आहे. गावाच्या दृष्टीने मात्र हा वंशही नव्हता आणि परधर्मही नव्हता. ती एक जात होती. समाजाच्या आतही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते आणि त्यांच्यात विवाहसंबंध टाळले जात. म्हणजे जातिव्यवस्थेची छाप अंतर्गत रचनेवरही पडली होती.

मुंबईतील स्थित्यंतर :

अठराव्या शतकापासून बेने इस्रायल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात व पुढे सरकारी कचेऱ्यांत त्यांना नोकऱ्या मिळाल्या. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. जगातील अन्य ज्यूंशी संपर्क वाढला, तसा 'शनिवार तेली' हा जातिवाचक उल्लेख मागे पडला आणि 'ज्यू' ही धार्मिक ओळख पुढे आली. त्याच वेळी बगदादहून आलेल्या व्यापारी ज्यूंपैकी अनेकांनी त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली व दफनभूमीतही वेगळेपणाची मागणी केली. ज्या धर्मबंधूंच्या आधारे नवी ओळख मिळाली, त्यांनीच सीमारेषा आखली.

इस्रायलमधील अनुभव :

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने तेथे स्थलांतरित झाले. जेथे ज्यू बहुसंख्य आहेत अशा देशात त्यांचे अल्पसंख्याकत्व संपावयास हवे होते. प्रत्यक्षात तेथे ते 'भारतीय' ठरले. १९५० च्या दशकाच्या आरंभी काहींनी भेदभावाची तक्रार करीत भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि काही जण परतलेही.

१९६२ मध्ये तेथील सर्वोच्च धर्मपीठाने, बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य ज्यूंशी विवाह नोंदविण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश दिले. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारात येत असल्याने हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. तरुण-तरुणींच्या संसाराचा होता. या समाजाने दीर्घ आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याची भूमिका घेतली आणि धर्मपीठाने निर्देशांतील या समाजाचा नामोल्लेख वगळला.

रक्ताच्या प्रश्नावर विज्ञानानेही काही प्रकाश टाकला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळतात. परंतु हा निष्कर्ष येण्याच्या अर्धशतक आधीच त्यांच्या विवाहाचा व सन्मानाचा प्रश्न रस्त्यावरील संघर्षाने सोडविला होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

इकडे महाराष्ट्रात उरलेल्या ज्यूंची संख्या अत्यल्प आहे. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण भारतातच ती पाच हजारांहून कमी होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. सीमा पुसण्यासाठी तिकडे झगडावे लागले, तर वारसा जपण्यासाठी इकडे तीच सीमा कायद्याने मान्य करून घ्यावी लागली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, एकच समाज कोकणात जात, मुंबईत धार्मिक समुदाय आणि इस्रायलमध्ये वांशिक अल्पसंख्याक ठरला. या प्रवासात त्याचे रक्त बदलले नाही. बदलली ती भोवतालची व्यवस्था आणि सीमा आखण्याचा अधिकार असणाऱ्या संस्था. म्हणून वांशिकता हा समूहाचा अंगभूत गुण नसून समूहांमधील संबंध आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. वांशिक अल्पसंख्याकांचा अभ्यास करताना 'हे लोक मूळचे कोण ?' या प्रश्नाबरोबरच 'त्यांना वेगळे कोण ठरविते आणि त्या वेगळेपणाची किंमत कोणाला मोजावी लागते ?' हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित कधीच पूर्णपणे मिळणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विवाहनोंदणीच्या कचेरीत आणि दफनभूमीच्या कुंपणावरही मिळू शकते.