पेपरआधीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परीक्षा जवळ आली की आमच्या बार्शीत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. घरचे विचारतात, "अभ्यास झाला का?" आणि मुले एकमेकांना विचारतात, "पेपर अवघड जाईल का रे?" तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. मला जी श्रेणी हवी आहे, तिच्यासाठी उरलेल्या पेपरात नेमके किती गुण लागतील? या प्रश्नाचे उत्तर वहीच्या मागच्या पानावर चार ओळींत निघते. गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. आज तो चार ओळींचा हिशेब आपल्यापुढे मांडतो.

खरे तर आडत बाजारात माल घेऊन येणारा शेतकरी हा हिशेब तोंडी करतो. समजा, एकाकडे 20 क्विंटल तूर आहे आणि देणी भागवायला त्याला 1,46,000 रुपये हवेत. त्यातली 8 क्विंटल तूर 7,000 रुपये भावाने गेली. म्हणजे 56,000 हाती आले. राहिले 90,000, आणि शिल्लक तूर 12 क्विंटल. तेव्हा उरलेल्या तुरीला 7,500 चा भाव मिळायला हवा. बाजारात तेवढा भाव नसेल, तर काय करायचे ते तो आत्ताच ठरवतो. हिशेबपट्टी हातात पडेपर्यंत थांबत नाही.

परीक्षेचेही असेच आहे. हवे असलेल्या गुणांतून मिळालेले गुण वजा करा. जे राहिले, ते उरलेल्या पेपरातून यायचे आहेत. त्याला उरलेल्या पेपराच्या एकूण गुणांनी भागून शंभरने गुणले, की पेपरात किती टक्के हवेत ते कळते.

दहावीचे उदाहरण घेऊ. मराठीचा लेखी पेपर 80 गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचे. विशेष प्राविण्य 75 टक्क्यांना. एखाद्या मुलाला अंतर्गत 18 मिळाले, तर त्याला लेखीत 57 हवेत, म्हणजे सुमारे 71 टक्के. अंतर्गत 12 च मिळाले असतील, तर लेखीत 63 लागतील, म्हणजे जवळजवळ 79 टक्के. वर्षभरात हलगर्जीपणाने गेलेले ते सहा गुण तीन तासांच्या पेपरात भरून काढणे सोपे नसते.

या 20 गुणांचे वजन एकदा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता हेही खरे. पण पुढच्या वर्षी हे गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला.

आता महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे भारांश. प्रत्येक चाचणीचे वजन सारखे नसते, आणि नेमके इथेच मुले घसरतात. वैरागकडून एस.टी.ने येणारी, पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मला आठवते. तिच्या एका विषयात 20 गुणांच्या दोन चाचण्या आणि 60 गुणांचा सत्रांत पेपर होता. पहिल्या चाचणीच्या वेळी ती तापाने आजारी होती, 6 मिळाले. दुसरीत 15 मिळाले. तिला प्रथम श्रेणी, म्हणजे 60 टक्के हवे होते. तिने सरासरी काढली ती अशी: पहिल्यात 30 टक्के, दुसऱ्यात 75, तेव्हा तिन्हींची सरासरी 60 यायला सत्रांत पेपरात 75 टक्के पाहिजेत. "सर, तेवढे मला कधीच पडत नाहीत. या वेळी हा पेपर सोडूनच देते," ती म्हणाली.

मी तिला म्हटले, टक्के बाजूला ठेव, गुण मोज. 6 आणि 15 मिळून 21. साठाला कमी पडतात 39, आणि पेपर आहे 60 चा. म्हणजे 65 टक्के. एवढे तिला एरवी पडत होते. तिन्ही परीक्षांना सारखेच वजन दिल्यामुळे दहा टक्क्यांचा डोंगर तिने उगाच डोक्यावर घेतला होता. पेपर दिल्यावर तिला 38 मिळाले. त्या विषयात एका गुणाने साठ हुकले हे खरे; पण पेपर सोडला असता, तर ती 21 वरच थांबली असती. एकूण बेरजेत तिची प्रथम श्रेणी टिकली.

2021 मध्ये कोरोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा हा भारांश घराघरांत पोहोचला. लेखी गुणांसाठी दहावीचे 30 टक्के, अकरावीचे 30 टक्के आणि बारावीतल्या मूल्यमापनाचे 40 टक्के धरले गेले. दहावीला 80 आणि अकरावीला 60 टक्के असतील, तर त्यांचे 24 आणि 18 मिळून 42 झाले. एकूण 70 हवे, तर बारावीच्या 40 पैकी 28 लागतात. एकूण 85 हवे, तर 40 पैकी 43 लागतील, आणि ते कोणालाच मिळू शकत नाहीत.

उत्तर असे शंभर टक्क्यांच्या वर गेले, की निराश होऊ नका. ते लक्ष्य आता हाताबाहेर आहे एवढेच त्याने कळते. खालच्या श्रेणीसाठी किती लागतात ते काढा आणि उरलेला वेळ दुसऱ्या विषयाला द्या.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. उत्तर अपूर्णांकात आले तर नेहमी वरचा अंक धरावा. 43.2 आले तर 44 मिळवायचे. दुसरे, बऱ्याच अभ्यासक्रमांत लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. समजा उत्तीर्ण व्हायला एकूण 40 हवेत आणि 21 आधीच मिळालेत, तर हिशेबाने 19 पुरतात. पण लेखीत 60 पैकी किमान 24 ची अट असेल, तर 24 च हवेत. दोन्हींतला मोठा आकडा आपला. तिसरे, महाविद्यालयात श्रेयांक पाहावेत. चार श्रेयांकांच्या विषयात 8 आणि दोन श्रेयांकांच्या विषयात 6 श्रेणीगुण असतील, तर सरासरी 7 येत नाही, 7.33 येते. दहावीला पाच उत्तम विषयांचे गुण धरतात, म्हणून सहाव्याकडे पाठ फिरवू नये. उत्तीर्ण व्हायला तोही सुटावा लागतो.

हे सारे सांगण्याचे कारण आमच्या गावाशी निगडित आहे. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी इथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. आजही कितीतरी मुले घरातली पहिलीच शिकणारी असतात. अंतर्गत गुण म्हणजे काय, श्रेयांक म्हणजे काय, हे त्यांना घरी सांगणारे कोणी नसते. मग एका चाचणीत कमी पडले, की मुलगा म्हणतो, "आता काही उपयोग नाही," आणि मुलीच्या बाबतीत तर घरचेच तसे म्हणतात. पुष्कळदा साधी वजाबाकी न केल्यामुळे शिक्षण थांबते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. भारांशाचे कोष्टक समजले नाही तरी बिघडत नाही. मुलाला शेजारी बसवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगा: किती हवेत, किती झाले, आणि किती गुणांची परीक्षा उरली आहे. पुढची वजाबाकी तुम्ही बाजारात रोजच करता.