वृद्धाश्रमात आजोबांना काय कमी आहे?

पिशोरच्या एका शेतकरी घरातले आजोबा अक्षय्य तृतीयेला गावी आले, तेव्हा मुलगा त्यांना तपासायला माझ्याकडे घेऊन आला. तो परगावी नोकरीला. म्हणून आजोबा वर्षभरापासून दूरच्या एका वृद्धाश्रमात राहतात. रक्तदाब ठीक, साखर ठीक. वजन मात्र चार किलोंनी उतरलेले. "तिथे पंखा आहे, गरम पाणी आहे, जेवण वेळेवर. तरी हे बोलत नाहीत," मुलाची तक्रार.

मी आजोबांना विचारले. ते हळूच म्हणाले, "जन्मभर पहाटे चारला उठून चहा घेतला. तिथं सातला घंटी होते. तवर छताकडं बघत पडायचं."

आपल्या राज्यात 1995 साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. पुढे 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद झाली. छप्पर, खाट, औषध यांचा विचार झाला, तो हवाच होता. पण दिवस स्वतःच्या मर्जीने घालवता येतो का, हे आपण सहसा विचारत नाही.

अमेरिकेतील एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली एका शुश्रूषागृहातील प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले, खोली तुम्हीच लावा, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा ते ठरवा, हे रोप घ्या आणि पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक आनंदी आणि हालती-बोलती दिसली. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे.

अर्थात वजन घटले ते सगळे चहापायी, असे समजणे चुकीचे ठरेल. म्हातारपणी वजन उतरले की क्षयरोग, थायरॉईड, कर्करोग यांचा विचार करावाच लागतो. त्या तपासण्या मी लिहून दिल्या. आजोबांची कवळी सैल झाली होती. भाकरी चावत नव्हती, म्हणून ते वरणभातावर भागवीत. कानात मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर ते मुलाशी बरेच बोलले! अबोलपणामागे कधी नैराश्यही असते, आणि त्यावर औषधोपचार आहेत. 'वयच झाले' म्हणून ते सोडून देऊ नये.

वृद्धाश्रम पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघर जरूर बघा. पण तिथल्या एखाद्या आजींशी एकटे बसून बोला. आंघोळीची वेळ कोण ठरवते? स्वतःची पेटी, देव, रेडिओ जवळ ठेवता येतो का? गावी फोन करायला कोणाची परवानगी लागते?

मुलाने माझ्यासमोरच व्यवस्थापकांना फोन केला. रात्रपाळीच्या बाई पहाटे चहा करून देणार आहेत. आजोबांनी आणखी एक मागितले, कुंपणाजवळ अद्रकाचे बेणे लावायला हातभर जागा. तेवढे विचारून कळवतो, असे व्यवस्थापक म्हणाले.