विलंबाची घरगुती परीक्षा

व्यापारात भावाइतकीच वेळेला किंमत असते. तारेने भाव कळविण्याची सोय २०१३ साली कायमची मिटली. कर्नाटकात २०१४ पासून एकीकृत बाजारव्यवस्थेतून संगणकावर बोली लागू लागली. तुरीसाठी नावाजलेल्या कलबुर्गी-बीदर भागातील व्यापारी बंधूंनी म्हणूनच संदेशाचा विलंब ओळखून ठेवणे अगत्याचे आहे.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. हजार किलोमीटर जाऊन येण्यास त्याला शतांश सेकंद पुरतो. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत मात्र त्याच फेरीस जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. वाटेत संदेशांची गर्दी झाली की विलंब आणखी वाढतो.

असा विलंब घरीच मुद्दाम निर्माण करता येतो. लिनक्सवर चालणाऱ्या काही राउटरांत ‘नेटएम’ हे साधन बसविता येते. प्रथम ‘पिंग’ने मूळ विलंब मोजावा, मग ३०० मिलिसेकंदांची भर घालून पेढीची प्रणाली सरावाच्या नोंदींवर चालवावी. उत्तर उशिरा आल्याने घाईने पुन्हा बटण दाबल्यास नोंद दोनदा होते काय, हे विशेषेकरून पाहावे.

लिलावात अखेरच्या क्षणापर्यंत थांबू नये. मुदतीनंतर पोचलेली बोली, कितीही चढी असली तरी, व्यर्थच होय.