जंतू जुनाच, ओळख नवी!

तापाने फणफणलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची किंवा मणक्यातील पाण्याची तपासणी होते. प्रयोगशाळेतून जंतूचे नाव येते आणि त्यावरून उपचारांची दिशा ठरते. पण ते नावच चुकले तर?

अमेरिकेतील अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रात काम करणाऱ्या एलिझाबेथ किंग यांनी १९५९ साली तान्ह्या मुलांना मेंदूज्वर करणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले. त्या काळी जंतू ओळखायचा तो त्याच्या गुणधर्मांवरून. कोणत्या साखरेपासून तो आम्ल बनवतो? कोणते रसायन घातल्यावर रंग बदलतो? अशा चाचण्यांवरून या जंतूची रवानगी 'फ्लेवोबॅक्टेरियम' कुळात झाली. १९९४ मध्ये त्याला दुसऱ्या कुळात हलवण्यात आले, तर २००५ मध्ये त्याचे स्वतंत्र कुळच मानले गेले. नाव ठेवले 'एलिझाबेथकिंगिया'! हा सन्मान पाहायला किंगबाई मात्र हयात नव्हत्या.

पुढे २०११ मध्ये ॲनॉफिलीस डासाच्या आतड्यात या कुळातली नवी जात सापडली. तिचे नाव पडले 'ॲनॉफेलिस'. मग हाँगकाँगच्या संशोधकांनी रुग्णांकडून मिळालेले जंतू जनुकीय कसोटीवर तपासले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. मेंदूज्वराची जुनी जात समजले गेलेले अनेक जंतू प्रत्यक्षात याच नव्या जातीचे होते!

चूक झाली कशी? या दोन्ही जाती रासायनिक चाचण्यांत जवळपास सारख्याच वागतात. प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्राच्या यादीत नवी जात नसेल, तर यंत्र जवळचे नाव सांगून मोकळे होते. जनुकांची अक्षरे जुळवली की फरक उघड होतो.

हा केवळ नावाचा घोळ नव्हे. मेरोपेनेमसारख्या भारी प्रतिजैविकांनाही हे जंतू सहसा दाद देत नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०१५-१६ मध्ये 'ॲनॉफेलिस'ने साठांहून अधिक जणांना गाठले. त्यांत बहुतेक वृद्ध होते. रुग्णांतील जंतू एकाच वाणाचे असल्याचे जनुकीय तपासणीने दाखवले. उगम मात्र सापडला नाही. नावात डास असला, तरी डासांमुळे साथ पसरल्याचा पुरावा मिळाला नाही.

तेव्हा अहवालात जंतूचे अनोळखी नाव दिसले, तर घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना एवढेच विचारावे, "हा कोणत्या औषधाला दाद देतो?"