नाम आणि नोंद : डोमेन-नोंदीतील अनन्य ओळखक्रमांक

‘नामा’ ही मुद्रा असलेला अभंग संत नामदेवांचा की त्यांच्यानंतरच्या विष्णुदास नामा यांचा, हा मराठी संतसाहित्याच्या अभ्यासातील परिचित प्रश्न आहे. नाम एक असले, तरी त्यामागील कर्ता एकच असतो असे नाही. इंटरनेटवरील संहितांचा आधार घेणाऱ्या तौलनिक अभ्यासकापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. डोमेन-नाम ठरावीक मुदतीसाठीच नोंदविलेले असते. मुदत संपून नोंद रद्द झाली, की तेच नाम अन्य कोणी घेऊ शकतो. तळटीपेतील पत्ता तोच राहतो. त्यामागील संहिता मात्र परकी झालेली असते.

नाम व नोंद यांतील हा भेद दर्शविण्याचे साधन म्हणजे ‘रॉइड’ हा अनन्य ओळखक्रमांक. नोंदणी-व्यवहाराच्या ईपीपी या संकेतप्रणालीत (आरएफसी ५७३०, २००९) त्याची व्याख्या दिलेली आहे. ‘एक्झाम्पल.कॉम’ या, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या नामाचा क्रमांक, रोमनऐवजी नागरीत लिहिल्यास, ‘२३३६७९९_डोमेन_कॉम-व्हीआरएसएन’ असा होतो. संयोगचिन्हापूर्वीचा भाग विशिष्ट नोंदीचा, तर नंतरचा भाग नोंदवहीचा, म्हणजे येथे व्हेरिसाइन या कंपनीचा, निर्देश करतो. नोंदवह्यांच्या या खुणांची यादी ‘आयाना’ ही संस्था ठेवते. ग्रंथसंग्रहाचे नाव व तेथील दाखल क्रमांक मिळून एखादी पोथी निश्चित व्हावी, तसाच हा प्रकार होय.

नोंदीचे नूतनीकरण झाले तरी हा क्रमांक बदलत नाही. नोंद रद्द होऊन नाम नव्याने नोंदविले गेले, तर मात्र नवा क्रमांक मिळतो. म्हणून एकाच नामाच्या दोन काळांतील नोंदींचे क्रमांक भिन्न आढळल्यास मधे खंड पडल्याचा संशय घ्यावा. याचा व्यत्यास मात्र खरा नाही : नोंद रद्द न होता नाम विकले गेल्यास क्रमांक तोच राहून धारक बदलू शकतो. शिवाय युरोपीय विदा-संरक्षण नियम २०१८ मध्ये लागू झाल्यापासून धारकाचे नाव बहुधा झाकलेले असते.

सामान्य वर्गातील डोमेनांसाठी ‘हूइज’ सेवेची सक्ती २८ जानेवारी २०२५ रोजी संपली. तिची जागा घेणाऱ्या आरडॅप प्रणालीत हाच क्रमांक ‘हँडल’ या शीर्षकाखाली मिळतो. पत्ता व अवलोकनाचा दिनांक यांच्या जोडीने हा क्रमांक आणि नोंदीचा निर्मिती-दिनांक टिपून ठेवल्यास पुढील अभ्यासकाला पडताळणीस आधार राहील. संहितेचे कर्तृत्व ठरविण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच पाठचिकित्सेचे आहे.